मोटरवाल्या कंपनीची ई-बाईक घेताय? मग आधी बॅटरीचं विचारा (जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी)

गाड्यांचे पार्ट बनवणारी जर्मन कंपनी बॉश, तिला नाशिकला बॉश कुणी म्हणत नाही, मायको म्हणतात. मायको सर्कल, मायकोचा बोनस, मायकोतले काका. आमच्या शेजारचे काका आख्खी नोकरी तिथंच करून रिटायर झाले, त्यामुळं मी स्टुटगार्टला आल्यावर पहिल्यांदा एका सायकलच्या पॅडलपाशी बॉश लिहिलेलं बघितलं तेव्हा थेट त्यांनाच फोटो पाठवला, की काका तुमच्या कंपनीनं सायकल काढली! काकांचा लगेच रिप्लाय, "सायकल नाय गं, मोटर काढली असेल. आमची लोकं पार्ट बनवतात, गाडी दुसऱ्याची."

काका बरोबर होते, आणि इथं ई-बाईक घेणाऱ्या आपल्या निम्म्या लोकांना हेच माहिती नसतं. परवा एकानं विचारलं "बॉशची सायकल घेऊ का", अरे बॉश सायकल विकतच नाही. ते मोटर, बॅटरी, डिस्प्ले असा सेट बनवतात आणि सायकलवाल्या कंपन्यांना देतात. गेल्या दोन-तीन वर्षात इतक्या जणांना मेसेज करून हेच सांगितलंय की म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. मी काही एक्सपर्ट नाही, दोन ई-बाईक वापरल्यात, त्यातली एक चुकून घेतली होती, त्याचं पण सांगते पुढं.

तर सगळ्यात आधी, सायकलवर तीन नावं शोधायची. फ्रेमवर मोठ्या अक्षरात असतं ते सायकलच्या ब्रँडचं. पॅडलपाशी किंवा मागच्या चाकाच्या मधोमध बारीक असतं ते मोटरवाल्याचं. आणि तिसरं नाव सायकलवर नसतंच, ते दुकानाचं. काहीतरी बिघडलं की तुम्हाला तिसऱ्याकडं जायचंय, तो दुसऱ्याचं सॉफ्टवेअर लावून चेक करणार आणि पहिला फक्त फ्रेमची गॅरंटी देणार. त्यामुळं बजेट ठरवताना फ्रेमचा रंग आणि ब्रँड बघत बसू नका. फ्रेम बिघडत नाही हो सहसा. बिघडते ती मोटर, डिस्प्ले, आणि बॅटरी तर हळूहळू जाणारच आहे, ती कुणाचीही असली तरी.

आता मोटरवाल्यांचं थोडं पुराण ऐका, कारण त्याच्यावरच पुढचं सगळं आहे. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनं या धंद्यात उतरायची सुरुवात जपानमध्ये यामाहानं केली, १९९३ साली पास नावाची सायकल आणली, पॅडल मारलं की मोटर जोर लावते ही आयडिया तिथून. बॉशनं २००९ ला आतल्या आत छोटीशी टीम काढून काम चालू केलं, २०१० ला फ्रीडरिशहाफनच्या युरोबाईक प्रदर्शनात सेट दाखवला आणि २०११ पासून सायकली रस्त्यावर. ब्रोझे म्हणजे गाडीच्या काचा वरखाली करायच्या आणि सीट सरकवायच्या मोटर बनवणारी कंपनी, ती २०१४ ला आली, स्टिअरिंगच्या मोटरचा अनुभव घेऊन. माले तर आपल्या स्टुटगार्टचीच, बाड कानश्टाटची, पिस्टनसाठी नावाजलेली, ती आता मागच्या चाकात बसणारी छोटीशी मोटर विकते. फ्रान्सच्या वालेओनं आपोआप गिअर बदलणारी आणली. म्हणजे पेट्रोल-डिझेलचे पार्ट बनवणाऱ्या बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी सायकलीत हात घालून बघितलाय, आणि ते साहजिक आहे, इंजिनं कमी होणार हे त्यांना आपल्या आधी कळलं. त्यात इथं २०२३ मध्ये पहिल्यांदा साध्या सायकलींपेक्षा ई-बाईक जास्त विकल्या गेल्या, २१ लाख विरुद्ध १९ लाख. कोण सोडेल असं मार्केट?

पण सोडलं ना लोकांनी, तेच सांगायचंय. कॉन्टिनेंटल, टायरवाली, एवढी अवाढव्य कंपनी, मोटर आणि गिअर एकत्र असलेला सेट आणला आणि २०१९ ला हा धंदाच बंद करतोय म्हणून सांगितलं. जनरल मोटर्सनं २०१९ मध्येच जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये अरीव नावाच्या सायकली आणल्या, मेल्ड आणि मर्ज, मर्ज फोल्ड व्हायची, आणि २०२० मध्ये दुकान बंद! आपली महिंद्रा पण यात होती, बऱ्याच जणांना माहितीच नसतं, अमेरिकेत जेन्झी नावानं ई-सायकली आणि स्कूटर विकायची, सॅन फ्रान्सिस्कोत फोर्डच्या नावानं भाड्यानं मिळायच्या त्या ई-सायकली जेन्झीच्याच होत्या. ते पण २०२० ला गुंडाळलं. ब्रोझेनं २०२५ मध्ये आपला ई-बाईक मोटरचा विभाग यामाहाला विकायचं ठरवलं. म्हणजे विकणाऱ्यापेक्षा घेणारा या धंद्यात जुना, बघा गंमत.

यातून घाबरायचं नाहीये, पण दुकानात जाऊन डोळे झाकून "कंपनी मोठी आहे ना, मग काय टेन्शन" हे म्हणायचं नाही. मोठ्या कंपनीला हा धंदा म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी असते, नाही जमलं तर शेपूट हलवून मोकळी. उलट तिचा मुख्य धंदाच तो असेल, किंवा बरीच वर्ष टिकून असेल, रस्त्यावर तिच्या लाखो मोटरी असतील तर पार्ट मिळत राहतात, कारण मागणी राहते.

म्हणून दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न, मोटर किती पॉवरफुल आहे हा नाही. पहिला प्रश्न, "ही बॅटरी सहा वर्षांनी मला कुठं मिळेल?" सरळ विचारा. चांगला दुकानदार असेल तर तो सांगतो, की या सेटच्या बॅटऱ्या आम्ही अजून जुन्या सायकलींना पण देतो, किंवा खरं बोलून सांगतो की या कंपनीचं माहिती नाही. जो नुसता हसून "तोपर्यंत तुम्ही नवीनच घ्याल" म्हणतो तिथून निघा. ई-बाईकची बॅटरी म्हणजे मोबाईलची नाही, कुणाचीही कुणालाही बसत नाही, आकार वेगळा, पिना वेगळ्या, आणि मोटर बॅटरीशी बोलते, ओळखीची नसेल तर चालूच होत नाही. नवीन बॅटरी पाच-सहाशे युरोपासून पुढं जाते, त्यामुळं सेटवाली कंपनी गेली की चांगली धडधाकट सायकल २५ किलोचं ओझं होऊन बसते.

एकाच कंपनीत पण हा घोळ असतो हं. बॉशचंच घ्या, त्यांनी २०२१ ला नवीन सिस्टीम आणली, तिला स्मार्ट सिस्टीम म्हणतात, जुनीची बॅटरी नवीला बसत नाही, नवीची जुनीला बसत नाही, डिस्प्लेचं पण तेच. माझ्या मैत्रिणीनं सेकंडहँड जास्तीची बॅटरी घेतली, स्वस्त मिळाली म्हणून खूष, घरी येऊन लावायला गेली तर बसेचना. दोन्हीवर बॉशच लिहिलेलं! शेवटी क्लाइनअनत्साइगनवर, म्हणजे जुन्या वस्तू विकायच्या साईटवर, परत विकली, पन्नास युरो घालवून. त्यामुळं नुसतं कंपनीचं नाव नाही, सिस्टीम कुठली, वर्ष कुठलं, हे विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं.

आता मोटर. २५० वॅट हा आकडा विसरून जा, तो सगळ्यांवर सारखाच असतो कारण कायदा तेवढाच आहे. सलग चालताना २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरचा सपोर्ट बंद, तर ती सायकल, नाहीतर ती गाडी. बघायचं ते न्यूटन मीटर, म्हणजे चढाला पिळ किती मारते. ४० म्हणजे सपाट गाव आणि फ्लायओव्हर, ५० ते ६५ म्हणजे बऱ्यापैकी चढ, आणि ८५ म्हणजे डोंगर, कॅरिअरवर पोरगं किंवा आठवड्याचा किराणा. स्टुटगार्ट म्हणजे कढई आहे, मधे शहर आणि चारी बाजूंनी काठ, मारियनप्लात्झवरून देगरलोखला चढून जायचं तर रोज घामाघूम. त्या चढाला दात्यांची ट्रेन आहे, त्साके म्हणतात, तिच्या पुढं सायकली ठेवायला वेगळा उघडा डबा लावतात, यावरून समजा चढ काय असेल ते. तिथं राहायचं असेल तर ४० वाल्याच्या नादी लागू नका. मानहाइमला किंवा उत्तरेला हॅम्बुर्गकडं असाल तर ८५ ला उगाच पैसे घालू नका, वजन वाढतं आणि बॅटरी खाते.

पण यात एक मेख आहे. मधली मोटर, पॅडलपाशी असते ती, तुमच्या गिअरमधून जोर लावते, म्हणजे हलका गिअर टाकला की तिचा जोर पण वाढतो. चाकातली मोटर चाकालाच फिरवते, तिला गिअरशी काही देणंघेणं नाही. त्यामुळं दोघींचे न्यूटन मीटर शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे वांगी आणि वांग्याचं भरीत यांचा भाव एका तराजूत काढणं. चाकातली हलकी असते, शांत असते, चेन कमी झिजते, मला सपाटीला तीच आवडते खरं तर. मधली चढाला राणी, पण चेन आणि मागचे दाते लवकर खाते, ते वर्ष-दोन वर्षात बदलायचे हे धरून चाला.

सेन्सर कुठला हे पण विचारा. स्वस्तातल्या सायकलींना पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, फिरलं की मोटर धडकन ढकलते, सिग्नलला उभं असताना जीव वरखाली होतो. चांगल्यांना तुम्ही किती जोर लावताय ते कळतं, टॉर्क सेन्सर म्हणतात, त्याच्यावर चालवताना वाटतं की मोटर नाहीच, आपलेच पाय आज चांगले चाललेत.

बॅटरीचा आकडा वॅट-तासात बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे ३६ व्होल्ट आणि १४ असेल तर झाले साधारण ५००. माझा अनुभव, शहरात मधल्या सपोर्टवर किलोमीटरला दहाच्या आसपास जातात, टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त सपोर्टवर, चढ चढला तर दुप्पट, थंडीत अजून जास्त. म्हणजे ५०० मध्ये ५० किलोमीटर धरा आणि जाहिरातीतल्या १२० वर विश्वास ठेवू नका, तो आकडा बारीक माणूस, सपाट रस्ता आणि पाठीवर वारा घेऊन काढलेला असतो. चार्जिंगचा खर्च विचारूच नका, एका फुल चार्जला वीस सेंटच्या आसपास.

आणि हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दोनदा वाचा, बॅटरी काढता येते का? सायकल केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवायची असते, केलरमध्ये प्लग असतोच असं नाही आणि असला तरी तो घरमालकाच्या मीटरवर. काही बारीक, देखण्या, ई-बाईक वाटतच नाहीत अशा सायकलींची बॅटरी फ्रेमच्या आत बंद असते, २५० वॅट-तासाची, ती घरी वर नेता येत नाही. चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टचं राहत असाल तर रोज आख्खी सायकल उचलणार का? माझी चुकून घेतलेली सायकल ती हीच, दिसायला एवढी सुंदर होती की मी प्लगचा विचारच केला नाही. त्यात चार महिने भारतात आले, बॅटरी रिकामी ठेवून गेले केलरमध्ये, परत आल्यावर ती उठलीच नाही. चूक माझीच. ठेवताना निम्मी चार्ज ठेवायची, ३० ते ६० टक्के, थंड कोरड्या जागी, आणि मधून कुणाला तरी बघायला सांगायचं.

टेस्ट राईडला प्रोबेफार्ट म्हणतात, लाजू नका, मागा. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून काही कळत नाही. जवळचा चढ शोधा, मधेच थांबा, मुद्दाम जड गिअरमध्ये असताना परत सुटून बघा. मग मोटर पूर्ण बंद करा आणि पाचशे मीटर चालवा, ही टेस्ट कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण कधीतरी बॅटरी संपणार आहे, कधीतरी कंपनी पण संपणार आहे, आणि २५ च्या वर तर रोजच मोटर सोडून देते. बंद मोटरवर पायाला चिखलातून चालल्यासारखं वाटत असेल तर ती सायकल नाही, स्कूटरची कमनशिबी बहीण आहे. ब्रेक पण जोरात दाबून बघा, २५ किलो सायकल अधिक तुम्ही अधिक बटाटे, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकशिवाय घेऊ नका.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला म्हणा, चल, दुकानात जाऊन डायग्नोसिस काढू, पैसे मी देते. दुकानवाला केबल लावून किती किलोमीटर झालेत, किती वेळा फुल चार्ज झाली, बॅटरीत किती जीव शिल्लक आहे ते सांगतो. जो विकणारा यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका, बस. खरेदीचं मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळतोय का बघा, चोरीच्या सायकली इथं फार फिरतात. नवीन सिस्टीमच्या सायकली ॲपमधून लॉक होतात, मालकानं आपल्या अकाउंटवरून तुमच्यासमोर काढून टाकायला हवी, नाहीतर घरी आणलेली सायकल दुसऱ्याच्या मोबाईलचं ऐकते. आणि ऑनलाईन फार स्वस्तात, नाव न ऐकलेल्या मोटरची मिळत असेल तर आधी जवळच्या दोन दुकानात जाऊन विचारा की याला हात लावाल का. बहुतेक नाही म्हणतात, पंक्चर काढतील फार तर.

ऑफिसातून लीजवर घेता येते, योबराडसारख्या कंपन्या, पगारातून टॅक्सच्या आधी पैसे कापतात आणि वर किमतीच्या महिन्याला पाव टक्का एवढ्यावरच टॅक्स लागतो, त्यामुळं बरीच स्वस्त पडते. फक्त कॉन्ट्रॅक्ट साधारण ३६ महिन्यांचं असतं. आपल्यातले निम्मे लोक दीड-दोन वर्षाच्या प्रोजेक्टवर येतात आणि मॅनेजरनं परत बोलावलं की सायकल गळ्यात, तेव्हा नोकरी सोडली तर काय होतं ते कलम सही करायच्या आधी वाचा, जर्मन येत नसेल तर ट्रान्सलेट करून वाचा.

ताशी ४५ वाली पण मिळते, एस-पेडेलेक, ती मोहात पाडते. तिला इन्शुरन्सची नंबर प्लेट लागते, हेल्मेट लागतं, लायसन्स लागतं, आणि सायकल ट्रॅकवर सहसा चालवता येत नाही, गाड्यांच्यात चालवायची. आपलं भारतातलं लायसन्स इथं राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं हे पण विसरू नका. आणि साधीला चिप लावून २५ चं लिमिट काढायचा सल्ला देणारा एक तरी देसी मित्र प्रत्येकाला असतो, त्याचं ऐकू नका. नवीन मोटरींना ते कळतं, सपोर्ट कमी करून टाकतात, गॅरंटी जाते, आणि कुणाला धडकलात तर तुम्ही बिनलायसन्सची, बिनइन्शुरन्सची मोटरसायकल चालवत होतात असा अर्थ होतो.

परत जाताना भारतात नेऊ का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. विमानात नाही नेता येत. प्रवाशाला १६० वॅट-तासाच्या वरची लिथियम बॅटरी सामानात चालतच नाही, आणि सायकलची ४००-५०० ची असते. बोटीनं कंटेनरमध्ये टाकायची तर धोकादायक मालाची कागदपत्रं. समजा नेलीच, तर पुण्यात-नाशकात मधल्या मोटरची केबल लावून चेक करणारा कुठं शोधणार? आपल्याकडं बहुतेक ई-सायकली चाकातल्या मोटरच्या, आणि तेच बरंय, चौकातला मिस्त्री पण समजून घेऊ शकतो. कायदा मात्र जवळपास सारखा आहे, २५० वॅटच्या आत आणि २५ ला बंद असेल तर रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही. तिकडंही गाड्या बनवणारे यात उतरलेत, टाटांची स्ट्रायडर आहे, टीव्हीएसनं तर २०२१ आणि २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या दोन ई-बाईक कंपन्यांमधला बहुतांश वाटाच विकत घेतला. म्हणजे इथं विकून टाका, तिथं तिथली घ्या, आणि तिथल्या दुकानात पण तोच बॅटरीचा प्रश्न विचारा.

माझी आत्ताची सायकल बॉशच्या मधल्या मोटरची आहे, ५० न्यूटन मीटर, चार वर्ष जुनी घेतली, डायग्नोसिस काढून. काकांना चढाचा व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, आवाज बारीक येतोय गं, बेअरिंग बघून घे. मी हसले, पण पुढच्या सर्व्हिसला सांगितलं दुकानात.

अरे हो, एक राहिलंच. बॅटरीच्या कुलपाला दोन किल्ल्या मिळतात, त्याच्यावर किंवा सोबतच्या कार्डावर नंबर असतो. त्या नंबरचा फोटो काढून ठेवा. दोन्ही हरवल्या की बॅटरी फ्रेममध्येच अडकते आणि कुलूप तोडायला लागतं, आणि इथं कुलूपवाला किती पैसे घेतो ते ज्यानं एकदा घराची किल्ली आत विसरलीये त्याला विचारा.